'रन' : पंप कोरडा पळवू नका!

अर्धविराम

मंडळी, एका शब्दाने दोन दिवस छळलंय, म्हणून धागा काढतोय.

मी सदाशिव पेठेत बसून इंग्रजी पुस्तिकांची मराठी भाषांतरं करतो. पुस्तिका म्हणजे साहित्य नव्हे. मिक्सर, गीझर, फवारणी पंप यांच्या खोक्यात घडी घातलेला जो कागद येतो आणि पहिल्याच दिवशी रद्दीत जातो, तो. परवा एका पाण्याच्या पंपाची पुस्तिका आली. कंपनीने भाषांतर आधीच मशीनकडून करून घेतलं होतं. मला म्हणाले, "फक्त नजर फिरवा." दरही नजर फिरवण्याचाच. तिसऱ्या पानावर लाल चौकटीत ठळक अक्षरांत:

'पंप कोरडा पळवू नका.'

हसून घेतलं आणि पुढे गेलो, तर 'केबल भिंतीच्या कडेने पळवा'. त्याखाली 'जाळी पळत्या पाण्याखाली धुवा'. मग 'चाचणी धाव घ्या'. आणि शेवटच्या पानावर 'लांब धावेत विजेची बचत होते'. आठ पानांत पाच पळापळी, आणि मूळ इंग्रजीत पाचही ठिकाणी एकच शब्द, 'रन'.

मी पेन्सिलीने दुरुस्त करायला घेतलं. पंप चालतो, केबल नेतात, पाणी वाहतं, चाचणी घेतात, आणि त्या लांब धावेचं मी 'काही वर्षांत' करून टाकलं. पाच जागी पाच वेगळे शब्द झाले आणि त्यांतलं पळणारं एकही नाही. पेन्सिल ठेवली आणि विचार करत बसलो. इंग्रजी माणूस जिथे धावतो तिथे आपण चालतो की काय?

म्हणून जरा शोधलं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात, म्हणजे १९८९ सालच्या २० खंडांच्या आवृत्तीत, सर्वाधिक अर्थांचा मान 'सेट' या शब्दाकडे होता, ४३० अर्थ. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी शब्द नव्याने तपासायला घेतले तेव्हा 'रन' पुढे निघून गेला. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ. पीटर गिलिव्हर नावाचे संपादक या एका शब्दावर नऊ महिने बसले होते. नऊ महिने! आमच्याकडे आठ पानांना दोन दिवस देतात.

तर प्रश्न असा. तुमच्या धंद्यात, ऑफिसात, घरात 'रन' कुठे कुठे भेटतो आणि त्याला तुम्ही काय म्हणता? कोशातलं नको, तोंडातलं सांगा.

---

टेकडीवाला

छान धागा. माझ्यापासून सुरुवात.

आमचा धावणाऱ्यांचा ग्रुप आहे. रविवारी पहाटे साडेपाचला जमतो. तिथे कुणीही 'धावायला येतोस का' म्हणत नाही. 'उद्या लाँग रन आहे', 'माझा रिकव्हरी रन आहे', 'गुरुवारी टेम्पो रन'. आईने एकदा विचारलं, "टेम्पो रन म्हणजे टेम्पोच्या मागे पळायचं का रे?" मी हो म्हणून मोकळा झालो. टेम्पो म्हणजे लय, हे तिला समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

गंमत म्हणजे ग्रुपमध्ये एक अर्थशास्त्राचे प्राध्यापक आहेत. त्यांचा लाँग रन म्हणजे असा काळ, ज्यात कारखान्याची इमारतसुद्धा बदलता येते. आमचा लाँग रन म्हणजे २५ किलोमीटर आणि नंतर इडली. एकदा ते म्हणाले, "लाँग रनमध्ये सगळेच खर्च बदलते असतात." मागून कुणीतरी ओरडलं, "सर, माझ्या तर पोटऱ्या बदलायच्यात."

बाकी पुण्याची मॅरेथॉन १९८३ पासून आहे, पण तिच्या नावातही रन नाही आणि धावही नाही. माझ्या आजोबांसाठी ती कायम 'पळायची शर्यत'च राहिली. धावण्यापेक्षा पळणं हाच बोलण्यातला शब्द आहे, असं माझं मत. 'धावणे' वर्तमानपत्रात होतं.

---

अवांतर

+१. घरी आग लागली तर कुणी 'धावा' म्हणत नाही, 'पळा' म्हणतात.

---

मोटवाला

@अवांतर, असं एकदम नका म्हणू. 'धावा धावा' आमच्याकडे मदतीला बोलावताना म्हणतात, 'पळा' म्हणजे जीव वाचवा. धावणारा माणूस आगीकडे येतो आणि पळणारा आगीपासून जातो. 'धावून येणे' आणि 'पळून जाणे' उलटे करून बघा, जमतात का.

आता धागाकर्त्यांसाठी. आम्ही मूळचे पुरंदर तालुक्यातले, आता हडपसरला. आमच्या जुन्या विहिरीवर मोट होती. मी लहानपणी तिचे शेवटचे दिवस पाहिलेत. विहिरीच्या काठापासून बैल ज्या उतारावरून खाली जायचे त्या उताराचं नाव 'धाव'. बैल खाली गेले की नाडा ताणला जायचा, मोट वर यायची आणि पाणी थारोळ्यात पडायचं. मग बैल मागच्या पावली वर सरकत यायचे आणि मोट परत खाली जायची. मागे सरकणारा बैल बघितलाय का कुणी? मान वाकडी करून, एक एक खूर चाचपत येतो. म्हणजे नाव धाव, पण तिच्यावर धावलेला बैल मी तरी पाहिला नाही. खाली जाताना चाल, वर येताना त्याहून सावकाश.

दुसरी धाव बैलगाडीच्या चाकाची. लाकडी चाकावर लोखंडाचा जो पट्टा असतो त्याला धाव म्हणतात. ती चाकापेक्षा जराशी लहानच करतात. गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, फुगली की सांडशीने धरून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. सुस्स करून वाफ येते, लाकूड करपल्याचा वास येतो आणि लोखंड आवळून बसतं. आमच्या गावातल्या सुताराच्या दारात हे बघायला शाळा बुडवून पोरं जमायची.

तुमच्या ६४५ मध्ये या दोन्ही आहेत का विचारा त्या गिलिव्हर साहेबांना.

---

अर्धविराम

मोटवाला, हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावतो. चाकाची धाव माहीत होती, उताराची नव्हती. आणि धावणे-पळणेमधला फरक मी तीस वर्षं मराठीवर पोट भरूनही कधी असा मांडला नव्हता.

एक शंका मात्र आहे. 'अंगावर धावून जाणे' याचं काय? तिथे मदत नाही.

---

मोटवाला

तिथेही तो कुणाच्या तरी दिशेनेच जातो ना. मदतीला का मारायला ते त्याचं त्याला ठाऊक.

---

सिमेंटवाळू

मी फर्निचर आणि सिव्हिलची छोटी कामं घेतो, कोथरूड-वारजे भागात. आमचा दिवस 'रनिंग'शिवाय जात नाही आणि कुणी एक पाऊलही पळत नाही.

ओटा, कठडा, स्कर्टिंग, पाइप हे सगळं रनिंग फुटावर. गिऱ्हाईक विचारतं, "स्क्वेअर फूट का रनिंग फूट?" म्हणजे रुंदी सोडा, नुसती लांबी मोजा. नवीन जोडपी गोंधळतात. एकांनी मला विचारलं होतं, "रनिंग फूट म्हणजे काम चालू असताना वाढतं का?" खरं सांगायचं तर काही जणांचं वाढतं.

दुसरं रनिंग बिल. मोठं काम असलं की संपेपर्यंत थांबत नाहीत, झालेल्या कामाचं मध्ये मध्ये बिल लावतात. पहिलं रनिंग, दुसरं रनिंग, मग फायनल. पळतो कोण? मी, त्या बिलाच्या पैशासाठी. एका सोसायटीत तिसऱ्या रनिंगसाठी सात महिने चकरा मारल्या. तिथले खजिनदार दर वेळी म्हणायचे, "चालू आहे, चालू आहे."

---

सुईदोरा

सिमेंटवाळू दादा, तुमच्या रनिंग फुटाची सख्खी बहीण लक्ष्मी रोडवर राहते. साडीच्या दुकानात जा. "ताई, यात रनिंग ब्लाउज आहे." म्हणजे साडीच्याच कापडाला पुढे जोडून आलेला ब्लाउज पीस, मधे काप नाही. आणि अस्तराचं कापड थानातून हवं तेवढं कापून देतात ते 'रनिंग मटेरियल'.

आता हे दोन्ही एकत्र बघा. रनिंग फूट, रनिंग बिल, रनिंग ब्लाउज. यात वेग कुठेच नाही. आपल्या दुकानदारांनी आणि मिस्त्रींनी 'रनिंग'चा अर्थ 'सलग' असा धरलाय, न तुटता पुढे जाणारं. इंग्रजीत तो अर्थ असेलही, पण आपल्याकडे हाच मुख्य झालाय असं मला वाटतं.

आणि शिवणात आपला स्वतःचा शब्द आहे, धावदोरा. शाळेत शिवणाच्या तासाला पहिला टाका तोच. सुई वर, खाली, वर, खाली, आणि मग दोरा एकदम ओढायचा. बाईंचं म्हणणं, धावदोरा कच्चा असतो, पक्की शिवण आली की उसवायचा. त्याची थोरली बहीण उलटटीप, ती एक पाऊल मागे येऊन पुढे जाते, म्हणून टिकते. मोटवाल्यांचा बैल आठवला मला.

---

अवांतर

सुईदोरा ताई, 'सलग' हा शोध भारी आहे. या धाग्याचा नायक ठरला. वाचनखूण साठवली.

---

लोकोशेड

रेल्वेत ३४ वर्षं काढली, बहुतेक मालगाडीचा गार्ड म्हणून. आमचं खातंच 'रनिंग स्टाफ'. गाडीवर चालणारे ते रनिंग, ऑफिसात बसणारे ते बाकीचे. भत्ताही रनिंग, तो गाडीवर केलेल्या किलोमीटरवर.

आणि आता ऐका. ड्युटी संपवून परगावी उतरलो की जिथे झोपायचं त्या जागेचं नाव 'रनिंग रूम'. आयुष्यात जितका गाढ झोपलो असेन तो रनिंग रूममध्ये. खाटांची रांग, जाड पडदे, स्वयंपाक्याच्या हातची आमटी. बाहेर पाटी: शांतता राखा. कॉलबॉय यायचा, खांदा हलवायचा, आणि वहीत सही करायला लावायचा. सही झोपेतच व्हायची.

माझी पत्नी लग्नानंतर बरीच वर्षं समजत होती की रनिंग रूममध्ये आम्हाला व्यायाम करायला लावतात. मी कधी खुलासा केला नाही.

गाडीबद्दल मात्र आम्ही मराठीत 'गाडी चालली', 'गाडी लेट चालतेय' असंच म्हणायचो. 'धावली' हे पेपरवाल्यांचं. डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली, त्याबद्दल दर वर्षी लिहितात 'पहिल्यांदा धावली'. तेव्हा बरोबर वाटतं, कारण ती खरंच धावायची. आमची मालगाडी कसली धावते, लोणंदला दोन दोन तास बाजूला उभी.

---

पन्हाळा ते पाषाण

सगळे 'रन'वर बोलताय, मूळ मुद्दा 'चालणे' आहे. अर्धविराम यांनी पहिल्या पोस्टमध्ये म्हटलंय तेच खरं. इंग्रजांचं सगळं धावतं, आपलं सगळं चालतं. घड्याळ चालतं, दुकान चालतं, शाळा चालते, खटला चालतो, डोकं चालतं किंवा चालत नाही. नाणं चालतं, म्हणून पैशाला 'चलन'. गाण्याला चाल, बुद्धिबळात चाल, शत्रूवर चाल. चालू वर्ष, चालू खातं, आणि चालू माणूस! एकाच शब्दात 'सध्याचा' आणि 'लबाड' दोन्ही बसवणारी भाषा आपलीच. मुलीला स्थळ चालून येतं आणि तेच स्थळ आईला चालत नाही.

आणि सगळ्यांचा राजा, आमच्या कोल्हापूरचा: चालतंय की!

पुण्यात आलो तेव्हा पहिला धक्का हाच. कोल्हापुरात दुकानदाराला म्हणालं, पैसे उद्या देतो, तर "चालतंय की". इथे पहिल्याच आठवड्यात पाटी वाचली, 'उधारी चालणार नाही'. शेजारी 'येथे गाडी लावलेली चालणार नाही'. त्या खाली 'विचारणा केलेली चालणार नाही'. गाव आहे का लकवा झालेला माणूस, काहीच चालत नाही?

---

अर्धविराम

पन्हाळा ते पाषाण, पुण्यात चालतं, पण आधी विचारावं लागतं. आणि विचारलेलं चालत नाही, हे तुम्ही वाचलंच आहे.

---

धातुपाठ

जरा आत शिरू का? कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा.

इंग्रजी 'रन' मुळातच नुसतं पायांनी धावणं नव्हतं. जर्मनमध्ये त्याची दोन भावंडं अजून वेगवेगळी आहेत. 'रेनेन' म्हणजे धावणे आणि 'रिनेन' म्हणजे पाण्याने वाहणे, ठिबकणे. इंग्रजीत ही दोन्ही एकाच शब्दात मिसळली. तेव्हा नळ, नाक, नदी हे सगळं 'रन' करतं यात इंग्रजांनी काही ओढूनताणून केलेलं नाही. वाहणं पहिल्यापासून घरातच होतं.

आता आपल्याकडे बघा. पाणिनीय धातुपाठात आहे: धावु गतिशुद्ध्योः. धाव् या धातूचे दोन अर्थ, गती आणि शुद्धी. धावणे आणि धुणे! शुद्धीच्या अर्थाचं रूप 'धौत', म्हणजे धुतलेलं. आणि 'दंतधावन'. लहानपणी दिनचर्येच्या धड्यात 'प्रातःकाळी दंतधावन करावे' वाचून वर्गात सगळ्यांनी दातांच्या शर्यतीचं चित्र काढलं होतं, मीही. खरं तर तो शब्द एकदम सरळ आहे. संस्कृतातसुद्धा धावण्याशेजारी पाणी आहेच.

म्हणजे अर्धविराम, तुमच्या पुस्तिकेतलं 'पळत्या पाण्याखाली धुवा' हे पाणिनीला 'धाव' या एकाच धातूत सांगता आलं असतं.

पुढचं पुण्याचं. येरवड्याला डेक्कन कॉलेजमध्ये संस्कृतचा महाकोश चाललाय. डॉ. कत्रे यांनी १९४८ साली हाती घेतला, तत्त्व ऑक्सफर्डचंच: प्रत्येक शब्दाचा प्रत्येक अर्थ काळाच्या क्रमाने, पुराव्यासकट. सुमारे १ कोटी चिठ्ठ्या लाकडी-लोखंडी कपाटांत लावून ठेवल्यात. मी विद्यार्थी असताना तो कप्पा उघडून पाहिलाय. बारीक अक्षरातली, कडा पिवळ्या पडलेली एक चिठ्ठी, तिच्यावर एक शब्द, एक ओळ आणि ग्रंथाचा संकेत. कुणीतरी तो अख्खा ग्रंथ वाचत वाचत ती लिहिली होती. पहिला खंड यायला १९७६ उजाडलं. त्यानंतर तीसहून जास्त खंड निघाले आणि ते सगळे अजून 'अ'मध्येच आहेत. 'ध' यायला किती अवकाश आहे याचा हिशेब मी करत नाही. गिलिव्हरांचे नऊ महिने ऐकून अर्धविराम यांना कौतुक वाटलं, मला ते घाईचे वाटतात.

---

टेकडीवाला

दंतधावन!! उद्यापासून आमच्या ग्रुपमध्ये 'सकाळचा पहिला रन' म्हणून हेच लिहिणार.

---

वाडा क्रिकेट

क्रिकेट अजून कुणी काढलं नाही याचं आश्चर्य वाटतं, पुण्याचा धागा असून.

'धाव', 'धावबाद', 'धावफलक', 'धावगती', 'अवांतर धावा'. हे शब्द आमच्या पिढीने वाचून नाही, रेडिओ ऐकून शिकलेत. बाळ ज. पंडित यांचं मराठी समालोचन लागलं की वाड्यातल्या सगळ्या खिडक्यांतून एकच आवाज. त्यालाही 'धावतं समालोचन' म्हणत. माझा सर्वात लाडका शब्द 'चोरटी धाव'. इंग्रजीतल्या नुसत्या झटपट एका रनमध्ये ती लबाडी कुठली?

पण प्रत्यक्ष खेळताना 'धाव' कुणी म्हणत नाही, हेही खरं. "रन पळ!", "दोन काढ दोन!" आमच्या शनिवार पेठेतल्या वाड्याचा नियम: बोळाच्या भिंतीला चेंडू लागला की दोन, जिन्याला लागला की चार, पळायचं नाही. पळायला जागाच नव्हती. आणि पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या तुळशीत गेला तर आऊट, शिवाय शिव्या. त्या मैदानावर मी एका डावात पन्नास रन काढलेत आणि एकही पाऊल धावलो नाही.

खऱ्या धावांचं सांगायचं तर डिसेंबर १९४८, पूना क्लबचं मैदान. भाऊसाहेब निंबाळकर महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध ४४३ वर नाबाद. ब्रॅडमनचा विक्रम ४५२ चा. फक्त ९ धावा कमी, एवढ्यात समोरच्या संघाने सामनाच सोडून दिला. या माणसाला एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. ६४५ अर्थांत 'पळायला तयार असूनही पळू न दिलेले रन' असा एक अर्थ घाला म्हणावं.

---

सुईदोरा

वाडा क्रिकेट, एक राहिलं. शेवटच्या चेंडूवर सहा धावा हव्या असल्या की आमच्या घरी देवाचा धावा सुरू होतो.

तो 'धावा' वेगळा. देवाने धावत यावं म्हणून मारलेली हाक. आणि वारीत वेळापूरच्या उतारावर वारकरी धावतात त्यालाही 'धावा'च म्हणतात. तुकोबांना तिथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, असं सांगतात. पुण्यातून पालखी जाताना बघा, भवानी पेठेपर्यंत सगळं कसं संथ, पावलाला टाळ. आणि तीच माणसं पुढे त्या उतारावर धोतर खोचून धावतात. माझी आत्या सत्तरीत धावली होती. घरी बाथरूमपर्यंत जायला तिला हात द्यावा लागायचा.

---

अर्धविराम

वेळापूरचं वाचून जरा वेळ काही टंकवलं नाही.

धातुपाठ, सुईदोरा यांच्या 'सलग'ला जोडून एक. मोडीला 'धावती लिपी' म्हणतात ना? भारत इतिहास संशोधक मंडळात मी मोडीच्या वर्गाला काही महिने जात होतो. गुरुजी सांगायचे, आधी कागदभर आडवी रेघ ओढा, मग तिला अक्षरं लोंबकळवा, लेखणी उचलू नका. वेगासाठी लिपी हे खरंच, पण वेग येतो तो हात न उचलण्यामुळे. तिथेही धावती म्हणजे सलगच की.

---

धातुपाठ

मान्य. सुईदोरा यांना गुण द्या.

---

ठेवीदार

एक कडू अर्थ राहिला, बँकेवरचा रन. आमच्या एका सहकारी बँकेबद्दल सकाळी अफवा उठली आणि अकरापर्यंत रांग कोपऱ्यावरच्या रसवंतीगृहाच्या पुढे गेली. इंग्रजी पेपरने लिहिलं रन. तिथे पळत कुणीच नव्हतं हो. सगळे उभे. मी चार तास उभा होतो, पुढच्या आजोबांनी पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी कापडी पिशवीत आणि ती पोटाशी धरलेली. तेव्हा ठेवींवरचा विमा १ लाखाचाच होता, ५ लाख २०२० मध्ये झाला. आजोबांच्या ठेवी त्याहून जास्त असाव्यात, कारण ते सारखं आकडे पुटपुटत होते.

याला मराठीत काय म्हणणार? 'बँकेवर झुंबड' म्हणतात, पण झुंबड लग्नातही असते.

---

पन्हाळा ते पाषाण

ठेवीदार, 'तगादा' कसा वाटतो? नाही, तो एकट्याचा असतो. सोडा.

---

वाईकर

स्ट्रॉबेरीवाले आम्ही. मातृरोपाला जमिनीलगत लांब दोरे फुटतात, त्याच्या पेराला मुळं धरतात आणि नवं रोप तयार होतं. त्या दोऱ्याला सगळे 'रनर' म्हणतात, इंग्रजी न येणारासुद्धा. "यंदा रनर कसे आलेत?" हरळीही तशीच पसरते, पण तिला कुणी कौतुकाने रनर म्हणत नाही.

---

फुटवॉल

आज धागा वाचला. मी पंपाचा मेकॅनिक आहे, धायरीला दुकान आहे. मूळ प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही म्हणून लिहितो.

पंपात पाणी असतं ते नुसतं चढवायला नसतं. आतल्या सीलला तेच गार ठेवतं आणि तेच तेल-वंगणाचं काम करतं. पाणी नसताना बटण दाबलं तर मोटर फिरते, पंपाचा आवाज किरकिरा होतो, दोन-चार मिनिटांत हाताला चटका बसेल एवढं डोकं तापतं आणि सील जळतं. मग गळती. गिऱ्हाईक म्हणतं, "पंप आपोआप गळायला लागला." आपोआप काही नसतं. टाकी साफ केल्यावर फुटवॉलमध्ये, म्हणजे पाइपाच्या तळाच्या झडपेत, कचरा अडकतो, पाइपातलं पाणी उतरून जातं, आणि तसाच सकाळी चालू करतात.

आम्ही याला म्हणतो 'पंप कोरडा चालला'. गिऱ्हाइकाला सांगताना एवढंच: "आधी पाणी भरा, मग बटण दाबा." तुमच्या लाल चौकटीत हेच लिहा. नको काय ते वाचून माणूस थांबत नाही, आधी काय करायचं ते लिहा.

---

अर्धविराम

फुटवॉल दादा, पाय धरतो. तीस वर्षं शब्द बदलत बसलो, तुम्ही वाक्यच बदललंत. चौकटीत लिहिलं: 'आधी पंपात पाणी भरा, मगच बटण दाबा. पंप कोरडा चालला तर सील जळते.' काल पाठवलं.

---

अवांतर

मग? कंपनी काय म्हणाली? चाललं का?

---

अर्धविराम

आज उत्तर आलं. 'सुंदर. फक्त वाक्य जागेत बसत नाही, म्हणून डिझायनरने लहान केलंय. कृपया बघून घ्या.'

बघितलं. लाल चौकटीत छापलंय: 'ड्राय रन करू नये.'

---

मोटवाला

चालायचंच.

---

नवा सदस्य

नमस्कार, या धाग्यावर पंपाची माहिती असलेले लोक दिसले म्हणून विचारतो. एक एचपीचा जुना मोनोब्लॉक पंप कुणाकडे विकायचा आहे का? फक्त रनिंग कंडिशनमध्ये असलेला चालेल.